उच्च न्यायालयाचा कारभार आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात कोल्हापूर मुक्कामी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वार्षिक संमेलनातील व्याख्यान म्हटले म्हणजे विद्यार्थ्यांचा गौरव, वसतिगृह, विवाहखर्चातील काटकसर अशाच एखाद्या विषयावर ते व्हावे, असा आपला प्रघात आहे. यंदा कार्यवाहांनी तो मोडला. आपल्या देशातील वरिष्ठ न्यायालयांची रचना कशी असते व त्यांचा कारभार कसा चालतो, हे सर्वांस समजेल अशा भाषेत सांगावे, अशी त्यांनी आम्हांस आज्ञा केली. आम्ही वकील नव्हे. आमचा जन्म शाळेत गेला. तेव्हा न्यायमूर्तींच्या आसनावरून न्यायालय कसे दिसते ते आम्ही सांगू शकणार नाही. पक्षकाराच्या बाकावरून ते जसे दिसते, तसे सांगण्याचा प्रयत्न करू.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, असे आपले वडीलधारे सांगत आले. बांधाच्या आणि वाटणीच्या भांडणापुरता हा उपदेश सोन्यासारखा आहे. परंतु आज परिस्थिती अशी आहे की आपल्या मुलामुलींपैकी काहींना ही पायरी, आणि तीही थेट उच्च न्यायालयाची, स्वतःचा काडीचाही दोष नसता चढावी लागते. जातवैधता प्रमाणपत्राचा दावा पडताळणी समितीने फेटाळला की दाद मागण्यास उच्च न्यायालयावाचून दुसरी जागा कायद्याने ठेवलेली नाही. त्याविषयी पुढे विस्ताराने बोलू. प्रथम ही संस्था बांधली कशी आहे ते पाहू.

मुंबई उच्च न्यायालय १८६२ साली सुरू झाले. त्यापूर्वी मुंबईत दोन निराळ्या न्यायव्यवस्था शेजारी शेजारी नांदत होत्या. मुंबई शहरापुरते राजाच्या सनदेने स्थापलेले सुप्रीम कोर्ट होते. ते १८२४ सालापासून चालत असे. शहराबाहेरच्या मुलखासाठी कंपनी सरकारच्या सदर दिवाणी आणि सदर फौजदारी अदालती होत्या. एकात इंग्लंडचा कायदा आणि इंग्लंडचे बॅरिस्टर, दुसरीत कंपनीचे रेग्युलेशन आणि देशी वकील. ब्रिटिश पार्लमेंटाने १८६१ साली हायकोर्टाचा कायदा केला आणि या दोन्ही प्रवाहांचा संगम घडविला. मुंबईबरोबर कलकत्ता व मद्रास येथेही तेव्हाच उच्च न्यायालये झाली.

संगम झाला, तरी दोन्ही पाण्यांचे रंग अद्यापि ओळखू येतात. उच्च न्यायालयात आजही ‘मूळ शाखा’ आणि ‘अपील शाखा’ असे दोन विभाग आहेत. मूळ शाखा म्हणजे जुन्या सुप्रीम कोर्टाची वारस. मुंबई शहरातील मोठ्या रकमांचे दिवाणी दावे तेथे प्रथमच दाखल होतात. अपील शाखा म्हणजे सदर अदालतीची वारस. जिल्ह्यांतून आलेली अपिले तिच्याकडे जातात. मूळ शाखेच्या मुख्य अधिकाऱ्यास आजही ‘प्रोथोनोटरी आणि सीनियर मास्टर’ असे जुने नामाभिधान आहे. हे नाव प्रथम ऐकले तेव्हा एखाद्या औषधाचे नाव असावे असा आमचा समज झाला होता. सॉलिसिटर आणि बॅरिस्टर असे दोन वकील एकाच कामास लावण्याची मूळ शाखेतील सक्तीची चाल मात्र १९७७ च्या आरंभी कायमची बंद झाली. आपल्या भागातील माणसाचा संबंध येतो तो बहुतेक अपील शाखेशी.

नावाविषयी एक सांगण्याजोगी गोष्ट आहे. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव १९९५ साली बदलले, परंतु न्यायालयाचे इंग्रजी नाव आजही ‘हायकोर्ट ऑफ बॉम्बे’ असेच आहे. आपण मराठीत मुंबई उच्च न्यायालय म्हणतो, आणि निकालपत्राच्या माथ्यावर बॉम्बे छापलेले असते. पुष्कळांना हा विसरभोळेपणा वाटतो. तो तसा नाही. ते नाव सनदेतून व कायद्यातून आलेले असल्याने बदलही कायद्यानेच, म्हणजे संसदेने, करावा लागेल.

आता देशाचा नकाशा डोळ्यांसमोर आणू. भारतात आजमितीस २५ उच्च न्यायालये आहेत. प्रत्येक राज्यास स्वतंत्र उच्च न्यायालय असलेच पाहिजे असे नाही. पंजाब, हरियाणा व चंदीगड मिळून एकच आहे. गुवाहाटीचे उच्च न्यायालय चार राज्यांचे काम पाहते. आपले मुंबई उच्च न्यायालय महाराष्ट्र, गोवा आणि दादरा-नगर हवेली व दमण-दीव या प्रदेशाचे आहे. अलाहाबादेस न्यायमूर्तींची मंजूर पदे १६० आहेत, सिक्कीमला अवघी ३, आणि आपल्या मुंबईस ९४. या सर्वांच्या वर दिल्लीचे सर्वोच्च न्यायालय. १९५० साली ते सुरू झाले तेव्हा सरन्यायाधीश धरून ८ न्यायाधीशांची तरतूद होती. २०१९ पासून ती ३४ आहे.

अमेरिकेत संघराज्याची न्यायालये वेगळी आणि घटक राज्यांची वेगळी, असा दुहेरी संसार आहे. आपल्या घटनाकारांनी तो पत्करला नाही. तालुक्याच्या दिवाणी न्यायाधीशापासून दिल्लीपर्यंत एकच शिडी आहे. कायदा संसदेने केलेला असो वा विधानसभेने, त्याचा निवाडा त्याच शिडीवर होतो. सामान्य माणसास हे सोयीचे आहे. कोणत्या दारात उभे राहावे याचा घोळ होत नाही. परंतु शिडी एकच असल्यामुळे वरच्या पायरीवर गर्दीही तितकीच होते.

आता ज्या विषयावर वर्तमानपत्रे वाचताना वाचकांचा नेहमी गोंधळ होतो, त्याकडे वळू. मराठीत ‘खंडपीठ’ हा एकच शब्द आपण दोन अर्थांनी वापरतो. दोन न्यायमूर्ती मिळून एखादे प्रकरण ऐकतात तेव्हा त्यांसही खंडपीठ म्हणतात. आणि मुख्य स्थानाहून दूर, नागपूर अथवा छत्रपती संभाजीनगर येथे जे न्यायालय बसते, त्यासही खंडपीठच म्हणतात. ‘नागपूर खंडपीठाच्या खंडपीठाने निर्णय दिला’ असे वाक्य त्यामुळे छापून येते, आणि ते चूक नसते! एकटे न्यायमूर्ती बसले तर एकलपीठ, तीन किंवा अधिक बसले तर पूर्णपीठ. कोणते काम एकट्याने ऐकावे आणि कोणते दोघांनी, हे न्यायालयाचे नियम ठरवितात.

स्थानांच्या दृष्टीने पाहिले तर आपले उच्च न्यायालय आज मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, पणजी आणि कोल्हापूर अशा पाच ठिकाणी बसते. यांतील प्रत्येकाची जन्मकथा वेगळी आहे. नागपुरास १९३६ सालापासून स्वतःचे उच्च न्यायालय होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मुंबई राज्यात आला, तेव्हा ते संपले आणि त्याच्या जागी खंडपीठ आले. १९५३ च्या नागपूर करारात विदर्भास जी आश्वासने दिली गेली त्यांत हेही एक होते, आणि १९६० साली मुंबई पुनर्रचना कायद्यात नागपूरच्या पीठाची तरतूदच करण्यात आली. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत ‘रेलासांव’ नावाचे वरिष्ठ न्यायालय होते; मुक्तीनंतर काही वर्षे न्यायिक आयुक्तांचे न्यायालय चालले, आणि १९८२ साली पणजीस मुंबईचे पीठ आले.

औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची, हकीगत आपण कोल्हापूरकरांनी नीट लक्षात घेण्यासारखी आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचना कायद्याच्या कलम ५१ मध्ये दोन वाटा आहेत. एका वाटेने राष्ट्रपती कायम खंडपीठ स्थापू शकतात. दुसऱ्या वाटेने मुख्य न्यायमूर्ती, राज्यपालांच्या मान्यतेने, न्यायमूर्तींना अन्य ठिकाणी बसण्यास सांगू शकतात. मराठवाड्यासाठी १९८१ साली ही दुसरी वाट धरली गेली. त्याविरुद्ध वाद झाला. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, आणि १९८२ साली मुख्य न्यायमूर्तींचा हा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने मान्य केला. पुढे १९८४ साली तेथील पीठ कायम झाले. कोल्हापूरचे ‘सर्किट बेंच’ १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले तेही याच दुसऱ्या वाटेने. म्हणजे ते मुख्य न्यायमूर्तींच्या आदेशावर उभे आहे. कायम खंडपीठाचा दर्जा ही पुढची पायरी आहे. उद्घाटनाच्या दिवशी फटाके उडाले, पेढे वाटले गेले, ते योग्यच झाले. चार दशकांहून अधिक काळ येथील वकीलवर्गाने व नागरिकांनी ही मागणी लावून धरली होती. तथापि ‘खंडपीठ मिळाले, आता काम संपले’ असे कोणी म्हणत असेल तर त्याने कलम ५१ पुन्हा वाचावे.

या पीठाकडे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे सहा जिल्हे जोडले आहेत. आपल्या मंडळाचे सभासद बहुतांशी याच जिल्ह्यांतील आहेत. आजवरचा क्रम कसा होता? महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्री निघावे, सकाळी मुंबईस उतरावे, नातलगाकडे आंघोळ उरकून फोर्टातील वकिलांच्या कचेरीत हजर व्हावे, दिवसभर कोर्टाच्या व्हरांड्यात ताटकळावे, आणि संध्याकाळी साडेचारच्या सुमारास कारकुनाने येऊन सांगावे की ‘आज बोर्ड तुमच्यापर्यंत पोहोचला नाही.’ परतीचे भाडे, वकिलांची फी, बुडालेली मजुरी हे सर्व त्या एका वाक्यापुढे जमा. आता निदान गडहिंग्लजचा किंवा मिरजेचा माणूस सकाळी निघून रात्री घरी जेवावयास येऊ शकतो.

तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलली पाहिजे. मंडणगड, दापोली, खेड या उत्तर रत्नागिरीतील आपल्या बांधवांस कोल्हापूर म्हणजे घाट चढून येणे आहे. मुंबईत त्यांच्या घरातील कोणी ना कोणी असतेच, आणि कोकण रेल्वे दाराशी आहे. त्यांनी ‘आम्हांस मुंबईच बरी’ असे म्हटले तर त्यांना कोल्हापूरद्वेष्टे ठरवू नये. नकाशावर रेघ ओढणाऱ्यास घाट दिसत नाही. तो बसमध्ये बसणाऱ्यास दिसतो.

न्यायालयाचा कारभार कोण पाहतो? मुख्य न्यायमूर्ती. निकाल देण्याच्या बाबतीत ते इतरांसारखेच एक न्यायमूर्ती आहेत. दोघांच्या पीठात त्यांचे मत सहकाऱ्याच्या मतापेक्षा जड नसते. परंतु कारभाराच्या बाबतीत ते धनी आहेत. कोणत्या न्यायमूर्तींनी कोणते काम ऐकावे, कोणी मुंबईस बसावे, कोणी नागपुरास जावे, कोणी कोल्हापुरास यावे, हे कामवाटप तेच करतात. इंग्रजीत त्यास ‘रोस्टर’ म्हणतात. मुख्य न्यायमूर्तींचा हा अधिकार निर्विवाद आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानच्या एका प्रकरणात स्पष्ट सांगितले. पुढे १२ जानेवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच चार ज्येष्ठ न्यायमूर्तींनी पत्रकारांस बोलावून तेथील कामवाटपाविषयी जाहीर नाराजी व्यक्त केली. न्यायालयाच्या भिंतीआडची गोष्ट अंगणात आली म्हणून पुष्कळांस वाईट वाटले. आम्हांस वाटले नाही. त्यानंतर महिन्याभरात कोणत्या न्यायमूर्तींकडे कोणत्या विषयाचे काम आहे याची यादी सर्वोच्च न्यायालयाने प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला, हा त्यातून निघालेला लाभच म्हणावा लागेल. त्याच वर्षी सरन्यायाधीशांचा वाटपाचा अधिकार मात्र न्यायालयाने कायम ठेवला.

मुख्य न्यायमूर्तींच्या हाताखाली महाप्रबंधक, म्हणजे रजिस्ट्रार जनरल, आणि त्यांच्या खाली प्रबंधकांची मोठी यंत्रणा असते. अर्ज तपासणे, त्यातील त्रुटी काढणे, क्रमांक देणे, दुसऱ्या दिवसाचा बोर्ड छापणे, निकालाच्या प्रमाणित नकला देणे, ही सर्व कामे येथे होतात. आम्हांस शाळेच्या कारभाराचा अनुभव असल्याने वाटते की मुख्याध्यापक कितीही विद्वान असला तरी शाळा चालते ती वेळापत्रकावर आणि हजेरीपटावर. न्यायालयाचेही तसेच आहे. कागदात त्रुटी राहिली व ती मुदतीत दुरुस्त झाली नाही, तर उत्तम बाजू असलेले प्रकरणही न्यायमूर्तींच्या डोळ्यांसमोर न येताच निकाली निघू शकते.

या नोकरवर्गाच्या नेमणुका राज्य सरकार करीत नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद २२९ प्रमाणे तो अधिकार मुख्य न्यायमूर्तींचा आहे, आणि न्यायालयाचा प्रशासकीय खर्च राज्याच्या संचित निधीवर भारित असतो. विधानसभेत त्यावर चर्चा होऊ शकते, मतदान होत नाही. उद्देश उघड आहे. ज्या सरकारविरुद्ध न्यायालयात निकाल द्यावयाचे, त्याच सरकारच्या मेहेरबानीवर न्यायालयाची चूल पेटू नये. प्रत्यक्षात मात्र नवीन इमारत, नवीन पदे, निवासस्थाने यांसाठी न्यायालयास शासनाकडेच पाहावे लागते. घटनेने स्वातंत्र्य दिले, पण विटा आणि सिमेंट मंत्रालयातूनच येतात.

न्यायमूर्तींच्या नेमणुकीची रीत बरीच गुंतागुंतीची आहे. घटनेत राष्ट्रपती नेमणूक करतात असे आहे. १९९३ च्या निर्णयाने आणि १९९८ च्या सल्लामताने त्यास ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या ‘कॉलेजियम’ची जोड मिळाली. उच्च न्यायालयासाठी तेथील मुख्य न्यायमूर्ती व दोन ज्येष्ठ सहकारी नावे सुचवितात. ती राज्य व केंद्र शासनाच्या अभिप्रायांसह दिल्लीत सरन्यायाधीश व त्यांच्या दोन ज्येष्ठ सहकाऱ्यांपुढे जातात. संसदेने २०१४ साली घटनादुरुस्ती करून निराळा आयोग आणला. १६ ऑक्टोबर २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती रद्द केली. न्यायमूर्तींनीच न्यायमूर्ती निवडावेत की शासनाचा त्यात हात असावा, या वादात आम्ही पडत नाही. पक्षकाराच्या बाकावरून दिसते ते एवढेच की नावे या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतात, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ६२ व्या वर्षी ठरल्या दिवशी निवृत्त होतात, आणि मंजूर ९४ आसने पूर्ण भरली असे क्वचितच घडते. निवृत्तीचा दिवस नेमणुकीच्या दिवशीच ठाऊक असताना ती जागा रिकामी राहावी, याचे समर्थन आम्हांस कोणी करून दाखविलेले नाही.

वरिष्ठ न्यायालयांच्या नेमणुकांत आरक्षण नाही. घटनेत तशी तरतूद नाही, म्हणून कॉलेजियमने सुचविलेल्या नावांतच समाजाचे प्रतिबिंब पडावयाचे. अमरावतीचे भूषण गवई २०२५ साली सरन्यायाधीश झाले, तेव्हा अनुसूचित जातींतून त्या पदावर पोहोचलेले ते दुसरेच गृहस्थ होते. पहिले के. जी. बालकृष्णन २००७ साली. सत्तावन्न वर्षांनी पहिला, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. खालच्या पायरीवर मात्र दार स्पर्धापरीक्षेचे आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाची निवड लोकसेवा आयोगाच्या परीक्षेने होते, आणि मे २०२५ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाप्रमाणे त्यासाठी किमान तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक झाली आहे. आपल्या ज्या मुली कायद्याच्या शेवटच्या वर्षास आहेत त्यांनी ही तीन वर्षे कोठे व कोणाकडे काढावयाची याचा विचार आजच करावा. मंडळाची शिष्यवृत्ती पदवीबरोबर बंद होते. ती या तीन वर्षांसाठी चालू ठेवता येईल काय, असा प्रश्न आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवीत आहोत.

आता जातवैधतेकडे येऊ. १९९४ साली कुमारी माधुरी पाटील यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणीची कार्यपद्धती घालून दिली. पुढे महाराष्ट्राने २००१ चा अधिनियम क्रमांक २३ केला. त्याच्या कलम ७ प्रमाणे पडताळणी समितीचा आदेश अंतिम असतो. त्यास आव्हान द्यावयाचे ते फक्त घटनेच्या अनुच्छेद २२६ खाली, उच्च न्यायालयात. शेताच्या बांधाच्या वादास तालुका, जिल्हा, उच्च न्यायालय अशा तीन पायऱ्या आहेत. मुलाच्या जातीच्या वादास समितीनंतर एकदम उच्च न्यायालय. आणि तेही अपील नव्हे, रिट अर्ज! न्यायमूर्ती सर्व पुरावा नव्याने तपासतीलच असे नाही. समितीने योग्य रीत पाळली काय, महत्त्वाचा कागद डोळ्यांआड केला काय, हे ते मुख्यत्वे पाहतात; आणि चूक दिसली तर पुष्कळदा प्रकरण पुन्हा समितीकडेच धाडतात. इकडे प्रवेशाची तारीख कोणासाठी थांबत नाही.

आमच्या परिचयातील एका मुलीच्या बाबतीत असेच घडले. समितीच्या आदेशात पणजोबांच्या नोंदीत जातीचे नाव ‘वेगळे’ असल्याचा शेरा होता. ते वेगळे म्हणजे काय, तर त्या काळच्या गुरुजींनी गावात ज्या नावाने लोक ओळखत ते नाव लिहिले होते. आम्ही स्वतः पस्तीस वर्षे शाळेचे जनरल रजिस्टर लिहिले आहे, म्हणून अधिकाराने सांगतो : जुन्या मास्तरांसमोर शासनाची जातींची यादी नव्हती. बाप सांगेल ते, किंवा तो अडला तर पाटील सांगेल ते, टाकाने लिहिले जाई. त्या एका शब्दावर नव्वद वर्षांनी एका मुलीचे वैद्यकीय शिक्षण टांगले जाईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हते. त्या मुलीचे प्रकरण मुंबईस गेले. ‘तातडीचे आहे’ असे न्यायमूर्तींपुढे तोंडी निवेदन करून तारीख मिळविण्यास वकिलास दोन वेळा उभे राहावे लागले. तात्पुरता आदेश मिळाला तेव्हा प्रवेशाच्या शेवटच्या दिवसास एकच दिवस उरला होता. तिचे वडील त्या आठवड्यात तीनदा मुंबईस गेले. आज तोच अर्ज कोल्हापुरात करता येईल. आम्ही कामवाटप, रिक्त आसने आणि पीठाचे स्थान यांविषयी इतका वेळ का बोललो, हे आता आपल्या ध्यानी आले असेल.

काही व्यावहारिक गोष्टी सांगतो. स्वातंत्र्यपूर्व काळातील कागदास न्यायालयात अधिक वजन असते, कारण तो लिहिला तेव्हा सवलतीसाठी लिहिला गेला असे कोणी म्हणू शकत नाही. वडिलांस अथवा रक्ताच्या नात्यातील अन्य कोणास रीतसर चौकशीनंतर वैधता मिळालेली असेल, तर अपत्यास ती सहसा नाकारू नये, असे मुंबई उच्च न्यायालयाने २०१० साली म्हटले आहे. त्यासाठी आधीचे प्रमाणपत्र फसवणुकीने मिळविलेले नसावे, हे उघडच आहे. म्हणून घरात पहिले वैधता प्रमाणपत्र मिळेल त्या दिवशी त्याच्या प्रती काढून सर्व भावंडांकडे ठेवाव्यात. वकिलांची फी झेपत नसेल तर १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली मोफत विधी सहाय्य मिळते. त्यात स्त्रियांस उत्पन्नाची अट नाही, अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तींसही नाही. आणि उच्च न्यायालयासाठी स्वतंत्र विधी सेवा समिती असते. आपल्या मुलींपैकी किती जणींना हे ठाऊक आहे? आपले प्रकरण कोठवर आले ते पाहण्यास आता मुंबईस फोन करण्याची गरज नाही. प्रत्येक प्रकरणास सोळा अक्षरांचा सी.एन.आर. क्रमांक असतो. तो वकिलांकडून लिहून घ्यावा. तो मागितल्याने वकिलांचा अपमान होत नाही.

भाषेविषयी दोन शब्द. जिल्हा न्यायालयांत मराठी चालते, परंतु अनुच्छेद ३४८ प्रमाणे उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजी आहे. राज्यपालांनी राष्ट्रपतींच्या संमतीने राज्यभाषेस परवानगी द्यावी अशी सोय त्याच अनुच्छेदात आहे. राजस्थान, उत्तर प्रदेश, मध्य प्रदेश आणि बिहार येथील उच्च न्यायालयांत हिंदीस ती मिळालेली आहे, मराठीस नाही. मुख्य न्यायमूर्ती बहुधा अन्य राज्यातून येतात, काही न्यायमूर्तीही बदलून येतात. त्यांना मोडी अथवा मराठी अवगत असेल अशी अपेक्षा करणे रास्त नव्हे. तेव्हा जुन्या नोंदीचे लिप्यंतर व भाषांतर अचूक करून देणे ही आपली जबाबदारी ठरते. मोडी वाचणारी माणसे आपल्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि त्यांत सत्तरीच्या आतील किती, हे आपण जाणताच.

यासाठी मंडळाच्या कार्यालयात आज दुपारच्या सत्रात एक टेबल मांडले आहे. आजोबा-पणजोबांचे शाळा सोडल्याचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदवहीचे उतारे, जुनी खरेदीखते, ज्या कोणी सोबत आणली असतील त्यांनी ती तेथे दाखवावीत. मूळ कागद कोणीही ठेवून घेणार नाही. प्रत काढून, गाव आणि साल लिहून, तो लागलीच परत दिला जाईल. मोडीतील कागद असल्यास तो आमच्याकडे द्यावा. आम्ही पाच वाजेपर्यंत तेथेच बसलो आहोत.